बोटाला माल नाही

८ जानेवारी

खारूताई,

काल फोनवर तू माझ्याशी बोललीस असं तुझं म्हणणं असेल, पण मला ऐकू आली ती नुसती किणकिण. मी विचारलं, नवं घर आवडलं का? किण. शाळेत जातेस ना? किण. कुणी मारलं-बिरलं का? किणकिण. म्हणजे तू मान हलवलीस आणि कानातलं डूल फोनवर आपटलं. होकाराला एकदा वाजतं, नकाराला दोनदा, इतपत मला आता कळायला लागलंय. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर पत्रे कापतात, हातोड्या चालतात. त्या गोंगाटातही खाली पडला तो खिळा की स्क्रू हे मी पाठ फिरवून सांगतो. मग भाचीचं डूल कळणार नाही होय? पण डुलांशी किती वेळ गप्पा मारायच्या? म्हणून हे पत्र. पत्राला मान हलवून उत्तर देता येत नाही.

तुझ्या आईने सगळं सांगितलंय. नवं गाव, नवी शाळा, तिथे सगळं इंग्रजीतून. टीचर चांगल्या, मुलं चांगली, फक्त आमची खारूताई तोंड उघडत नाही. पाणी हवं, बोट. पेन्सिल हवी, बोट. आणि वर्षअखेरीला तोंडी परीक्षा आहे, तिथे बोटाला गुण नाहीत. तोंड उघडलं नाही तर तुला खालच्या वर्गात बसवणार, म्हणजे आपल्या गुंडूच्या शेजारी. सख्ख्या धाकट्या भावाच्या बाकावर! ऐकून मला इकडे घाम फुटला, तुझं काय झालं असेल.

आता ऐक. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा मी एका दुकानात कामाला लागलो. मालक म्हातारा, स्वभाव कानशीसारखा, हात फिरवला की ओरखडा. पहिल्याच दिवशी मी बोट दाखवून म्हटलं, "मालक, ते तिकडचं देऊ का?" म्हातारा म्हणाला, "ते-तिकडचं नावाची वस्तू आपण ठेवत नाही." नाव सांगेपर्यंत त्याने मला कशालाही हात लावू दिला नाही. नावं सगळी इंग्रजी आणि मी अर्धवट शाळा सोडलेला. मग काय, गिऱ्हाईक काय मागतं ते कान टवकारून ऐकायचं आणि म्हातारा कुठल्या खणात हात घालतो ते बघायचं. माझं इंग्रजी हे असं, खणाखणातून आलेलं. पुढे स्वतःचं दुकान काढलं तेव्हा पहिली पाटी लावली ती ही: 'बोटाला माल नाही. नाव सांगा.' अजून तिथेच आहे.

सोबतच्या पुडक्यात दोन वस्तू आहेत. पहिली हिंज. हिंज म्हणजे बिजागरी, दाराला उघडमीट करायला लागते ती कंबर. दुसरी लॅच. लॅच म्हणजे कडी, दाराने घट्ट मिटलेली मूठ. हातात धर, हलवून बघ आणि मोठ्याने नाव घे. भिंतीला ऐकवलंस तरी चालेल. आणि आजपासून आपल्या दुकानाचा नियम तुझ्याही घरात लागू. पाटी तू लिही.

तुझा मामा


१७ जानेवारी

प्रिय मामा,

पाटी लिहिली. आईने ती दोनदा काढली आणि बाबांनी दोनदा परत लावली. बाबांना ती फार आवडली, पण नंतर मी त्यांचा चष्मा उशीखाली ठेवला आणि म्हटलं नाव सांगा. तेव्हा त्यांना तेवढी आवडली नाही. त्यांनी सांगितलं नाव, पण मलाच ते माहीत नव्हतं, म्हणून बरोबर की चूक कळेना. शेवटी दिला.

आमच्या दाराची कडी उंच आहे. गुंडूचा हात पोचत नाही, माझा पोचतो. तो म्हणाला, ताई दार उघड. मी म्हटलं, लॅच म्हण. तो म्हणाला, नाही म्हणणार जा. मग बाहेर त्याचा मित्र चेंडू घेऊन आला आणि गुंडू इतक्या मोठ्याने लॅच म्हणाला की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या.

पण मामा, एक वाईट झालं. आता त्यालाही येतं. तो माझ्यापेक्षा लवकर पाठ करतो आणि सगळ्यांना सांगत सुटतो. त्याच्या बाकावर बसावं लागलं तर तो रोज मला शिकवेल. मग मधल्या सुट्टीतही शिकवेल. मग घरी येऊन आईला सांगेल की ताईला आज काय काय आलं नाही.

शाळेत मी अजून नाही बोलले. काल तहान लागली होती. मी ठरवलं होतं बोलायचं. पण टीचर फार चांगल्या आहेत. माझं बोट अर्धं वर झालं की त्या पाण्याची बाटली देतात. आमच्या वर्गाचं दार उघडलं की करकर वाजतं आणि सगळे कान झाकतात. ते कशामुळे ते मला आता माहीत आहे, हिंजमुळे. तोंडात शब्द आला पण होता. पण मी गिळला.

तुझी खारू


२९ जानेवारी

खारूताई,

शब्द गिळलास हे वाचून मामी म्हणाली, पचायला जड असतो, पुढच्या वेळी थुंकून टाक म्हणावं.

तुझ्या टीचरबाई मनाने सोन्यासारख्या आहेत, पण त्यांनी माझ्या दुकानात नोकरी मागितली तर मी देणार नाही. अर्ध्या बोटाला अख्खी बाटली! असं केलं तर गिऱ्हाईक कायमचं मुकं होतं. परवा इथे एक मोठे बांधकामवाले आले. अंगठ्या भरलेल्या बोटाने फळीकडे दाखवून म्हणाले, "ते द्या." मी पाटी दाखवली. ते म्हणाले, "मला ओळखलं नाहीत का?" मी म्हटलं, "तुम्हाला ओळखलं, तुम्हाला काय हवंय ते ओळखलं नाही." रागावून समोरच्या दुकानात गेले. तिथे त्यांना भलतंच मिळालं असणार, कारण तासाभराने परत आले आणि दारातूनच ओरडले, "ब्रॅकेट!" बघ, एवढा मोठा माणूस शिकला.

तेव्हा या खेपेला पुडकं जाड आहे. ब्रॅकेट, फळीला खालून खांदा देणारा. हुक, वाकून उभा असलेला खिळा, ज्याला टांगलं त्याला सोडत नाही. चेन म्हणजे साखळी, हातात हात घातलेल्या कड्या. स्प्रिंग, दाबलं की रागावून उसळते, तुझ्या आईसारखी, हे वाक्य तिला वाचून दाखवू नकोस. नॉब, दाराचं नाक, धरायचं आणि ओढायचं. आणि वॉशर, ही मधे भोक असलेली गोल चकती. नट आणि पत्रा एकमेकांना घासून भांडू नयेत म्हणून मधे बसते. घराघरात एक वॉशर लागतो. आमच्या घरी मामी आहे.

तुझी आई म्हणत होती की पुढच्या महिन्यात सराव परीक्षा आहे, चित्रं दाखवून नावं विचारणार. चित्रं दाखवली की घाबरायचं नाही. समोर आपलं दुकान आहे समजायचं. वस्तू दिसली की नाव घ्यायचं, दुसरी दिसली की दुसरं. गालात काही ठेवू नकोस.

मामा


११ फेब्रुवारी

मामा! मामा!

मी बोलले!

आज सराव परीक्षा झाली. टीचरनी दाराचं चित्र दाखवलं. मी डोळे मिटले आणि आपलं दुकान आठवलं. मग डोळे उघडून म्हटलं, हिंज! टीचर म्हणाल्या, अं? मी म्हटलं, नॉब! लॅच! मी थांबलेच नाही. सायकल दाखवली, मी चेन म्हटलं, स्प्रिंगपण म्हटलं, ती सीटखाली असते. भिंतीवरचं कपाट दाखवलं, मी ब्रॅकेट म्हटलं. ते चित्रात दिसत नव्हते पण त्याशिवाय कपाट कसं राहील? एकाही चित्राला मी गप्प बसले नाही. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. टीचरचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी माझ्या कागदावर लाल शाईने काहीतरी लिहिलं, बाकी कुणाच्या कागदावर लाल नव्हतं. आणि आईला द्यायला बंद पाकीट दिलं, तेही फक्त मला.

आईने पाकीट वाचलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी वाचलं आणि ते उठून गॅलरीत गेले. त्यांचे खांदे हलत होते. बहुतेक त्यांना आनंदाने रडू आलं.

गुंडूला मी आज सांगितलं की बाकाची गोष्ट आता विसर.

तुझी आणि फक्त तुझी,
खारू


१३ फेब्रुवारी

शहाण्या भावास,

आशीर्वाद आहेत, पण ते शेवटी, राग संपला तर.

शून्य! तुझ्या भाचीला शून्य मिळालंय. दाराचं चित्र दाखवलं तर दार म्हणायचं असतं रे! त्यातली बिजागरी कोण विचारतं? टीचरचं पत्र आलंय. फार सभ्यपणे लिहिलंय बाईंनी: मुलगी बोलली याचा आनंद आहे, पण तिला चित्रात काय आहे तेच समजत नसावं, तेव्हा खालच्या वर्गातून सुरुवात केलेली बरी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा. तेव्हाही हेच झालं तर गुंडूचा बाक पक्का.

गायीचं चित्र दाखवलं तेव्हा ती काय म्हणाली माहीत आहे? हुक. दोनदा, दोन शिंगांना दोन. शेपटीला चेन. आणि सूर्याला वॉशर! तुझे भावोजी गॅलरीत जाऊन हसले. पोरीला वाटलं बाबा गहिवरले. मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही आणि स्वयंपाकघरात येऊन स्वतः हसले, ते वेगळं.

पण बाबा रे, गंमत बाजूला ठेव. पोर आनंदाने नाचतेय. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज घरभर ऐकू येतोय, गुंडूवर खेकसतेय, आंघोळ करताना हिंज हिंज म्हणून गातेय. शून्याचं तिला मी सांगितलेलं नाही. मला धीर होत नाही. सांगितलं तर ते तोंड पुन्हा मिटेल आणि मग कुणाच्या बापाला उघडायचं नाही. तू घोळ घातलास, तूच निस्तर. निस्तरलास तर आशीर्वाद.

ताई


१८ फेब्रुवारी

खारूताई,

हे पत्र बसून वाच, आणि वाचताना गुंडू जवळ नको.

लाल शाई बक्षिसाची नव्हती. सराव परीक्षेत तुला शून्य मिळालं. आता दीर्घ श्वास घे आणि पुढचं वाच, कारण चूक तुझी नाही. मी पाठवलेला मालच अर्धा होता.

असं बघ. माझ्या दुकानात इतक्या वर्षांत एकही माणूस दार मागायला आलेला नाही. लोक येतात ते दाराची बिजागरी तुटली म्हणून. खुर्ची कुणी मागत नाही, खुर्चीचा स्क्रू मागतात. मी आयुष्यभर जगाचे सुटे भाग विकले, त्यामुळे मला जग तसंच दिसतं. काल मामी नवी साडी नेसून समोर उभी राहिली, कशी दिसते म्हणाली. मी म्हटलं, पिन वाकडी लागलीय. तेव्हापासून घरात वॉशरच भांडतोय. तर माझी ही दुकानदारी नजर मी तुला पोस्टाने पाठवली. पण लोक घरात राहतात, गं, बिजागरीत राहत नाहीत. टीचरना आधी अख्खं दार हवं असतं.

आता अडचण अशी की अख्ख्या वस्तूंना इंग्रजीत काय म्हणतात ते मला धड येत नाही. ते माझ्या कुठल्याच खणात नाही. तेव्हा आता दुकान उलटं चालवायचं. गिऱ्हाईक मी, मालक तू. मी चित्रं काढून पाठवतो, तू नावाचा माल पाठव. तुझ्याकडे नसेल तर टीचरकडून मागव, त्या घाऊक व्यापारी आहेत. सोबत चार चित्रं आहेत. पहिलं गाय आहे. दुसरं झाड. तिसरं काय आहे ते मामीलाही ओळखता आलं नाही, पण ते मांजर आहे. चौथं घर.

नियम तोच. टीचरना चित्र दाखवून नुसतं बोट ठेवायचं नाही.

तुझं गिऱ्हाईक,
मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पाटीपण काढून टाकली. गुंडूने ती परत लावली. त्याने विचारलं, ताई, शून्य मिळालं तर चेंडू खेळता येतो ना? मी हो म्हटलं. मग आम्ही खेळलो.

मग मी तुझी चित्रं पाहिली. मामा, तुझी गाय स्टुलासारखी आहे. स्टुलाला शेपूट आहे म्हणून कळतं. मांजर म्हणजे कान असलेला नट आहे.

मी चित्र घेऊन टीचरकडे गेले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पाहिलं आणि म्हणाल्या, टेबल. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, बेड? मी पुन्हा मान हलवली. त्यांनी चित्र उलटं धरलं आणि म्हणाल्या, ब्रिज? मामा, मला त्यांची इतकी दया आली! त्यांना किती वेळ तसं ठेवणार? मी म्हटलं, नो टीचर, काऊ. मला तो शब्द येत होता, मामा! सगळी मुलं रोज पुस्तकातून म्हणतात, माझ्या कानात होताच. टीचर म्हणाल्या, काऊ? मी म्हटलं, येस, काऊ, माय मामा बॅड ड्रॉइंग. टीचर एवढ्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मग त्यांनी विचारलं, कोण मामा? मग मी त्यांना तुझं दुकान सांगितलं, पाटी सांगितली, अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं आपल्या. त्या परीक्षेतलं दाराचं चित्र घेऊन आल्या आणि त्यात हिंज कुठे आहे ते शोधत बसल्या.

तुझा माल पाठवत आहे: काऊ म्हणजे गाय. ट्री म्हणजे झाड. कॅट म्हणजे मांजर (तुझं सोडून). हाउस म्हणजे घर. अजून चित्रं पाठव. चांगली काढू नकोस. वाईटच काढ. टीचर रोज विचारतात की आज मामाने काय पाठवलं.

खारू


५ मार्च

मालकीणबाई,

माल पोचला, चोख आहे. वाईट चित्रांची चिंता नको, तो साठा माझ्याकडे जन्मजात आहे. या वेळी घोडा, होडी, छत्री, चमचा, सूर्य आणि आमचा दुकानातला पंखा. मामी म्हणते घोड्याला तू ओळखलंस तर ती तुला स्वतःच्या हाताने स्वेटर विणून देईल.

तुझा माल मी वापरायलाही लागलोय. सकाळी कौलावर एक मांजर येऊन बसतं. मी म्हटलं, गुड मॉर्निंग कॅट. मांजराने बघितलं नाही, पण शेजारचे वकील गॅलरीत होते, त्यांनी मला गुड मॉर्निंग केलं.

परीक्षेला आता दिवस थोडे उरलेत, म्हणून एकच सांगून ठेवतो. आधी अख्खी वस्तू गिऱ्हाइकासमोर ठेवायची. आधी दार, मग बिजागरी. कुणी आत काय आहे विचारलंच तर मग खण उघडायचे, आणि तेव्हा मात्र हात आखडता घ्यायचा नाही, कारण तो माल फक्त आपल्याकडे आहे.

मामा


२१ मार्च

प्रिय मामा,

घोडा ओळखला. हॉर्स. टीचरनी देवमासा म्हटलं होतं. मामीला सांग, स्वेटर निळा हवा.

परीक्षा झाली. मोठ्या बाई आल्या होत्या, म्हणजे टीचरच्या पण टीचर. त्या हसत नाहीत. आया खिडकीबाहेर उभ्या होत्या, आपली आईपण. पहिलं चित्र दाराचंच निघालं. माझ्या तोंडात हिंज अगदी पुढे येऊन उभं राहिलं. मी त्याला म्हटलं, थांब रे, रांगेत ये. आणि मग म्हटलं, डोअर. मग काऊ. मग सायकल. सूर्य दाखवला तेव्हा टीचर माझ्याकडे बघेनात, खिडकीकडे बघायला लागल्या. मी सन म्हटलं. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मोठ्या बाईंचा कागद उडाला.

सगळं झालं. मी जागेवर जायला निघाले. तेवढ्यात मोठ्या बाईंना फळा पुसायचा होता, त्यांनी मला बोटाने कोपऱ्यातलं काहीतरी आण म्हणून खुणावलं. मला कळलं होतं, मामा, काय हवंय ते. पण माझे पाय हललेच नाहीत. बाईंनी पुन्हा बोट दाखवलं. आई खिडकीचे गज धरून उभी. सगळ्यांना वाटलं, झालं, हिला पुन्हा काही समजत नाहीये. मग माझ्या तोंडातून आलं, मी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "नो फिंगर, मॅडम. नेम, प्लीज."

कुणीच हसलं नाही. मोठ्या बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग टीचर त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. मला फक्त मामा एवढं ऐकू आलं. आणि मोठ्या बाई हसल्या! त्यांचे पुढचे दात खूप छान आहेत, कुणाला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "डस्टर, प्लीज." मी पळत जाऊन दिलं.

पुढचं आई लिहिणार आहे, ती कधीची मागे उभी आहे.

खारू

*भावा, घे आशीर्वाद, सगळे घे. वर्ग तोच राहिला. मोठ्या बाई म्हणाल्या, जी मुलगी मला थांबवून बोलायला लावते तिला मी खाली कशी बसवू? गुंडू मात्र रुसलाय, त्याने बाकावर हिच्यासाठी जागा करून ठेवली होती म्हणे. ताई*


३० मार्च

खारूताई,

स्वेटरची लोकर आली, निळी.

काल संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी फोन वाजला. मी उचलला, नेहमीसारखा कान लावला आणि किणकिणीची वाट बघत बसलो. किणकिण येईना. मला वाटलं लाइन तुटली. फोन ठेवणारच होतो, तर पलीकडून कोणी बाई बोलावी तसा खणखणीत आवाज आला: "मामा, वर्गाचं दार करकरतं. डोअर नवं नको, नुसती हिंज हवी. टीचरनी मागवलीय. नाव घेऊन."

आजच्या पोस्टाने दोन पाठवतोय, पितळी. बसवणाऱ्याला सांग, आधी तेल. आणि तो जर तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की पोरी, ते तिकडचं दे, तर काय करायचं ते मी तुला शिकवायची आता गरज नाही.

गुंडूला पुडक्यात एक स्प्रिंग वेगळी ठेवलीय. नाव सांगितल्याशिवाय देऊ नकोस.

तुझा मामा